आगपेटी काढून घ्या, पण सांगून घ्या

खडकी, पुणे
नोव्हेंबर २०२५

पुणे, बारामती, शिरूर आणि मावळ या मतदारसंघांतून लोकसभेत गेलेले, तसेच पुण्यातून राज्यसभेत गेलेले सर्व सन्माननीय खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी खडकीचा. वडील इथल्या दारूगोळा कारखान्यात होते, मीही तिथेच लागलो आणि चौतीस वर्षांनी चार्जमन म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे कारखान्याला नुसतं 'फॅक्टरी' म्हणतात. १८६९ सालची फॅक्टरी. तिच्या भोंग्यावर अख्ख्या खडकीची घड्याळं लागायची. मी तिथे नेमकं काय करत होतो हे माझ्या बायकोला आजही माहीत नाही. लग्न झाल्यावर तिने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "भरतो." काय भरता, हे तिने पुन्हा विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून मला देशाची सुरक्षा समजावून सांगण्याची तसदी कुणी घेणार नाही.

निवृत्तीनंतर नातवाने मला एका समाजमाध्यमावर पान उघडून दिलं. त्यावर मी जुन्या खडकीच्या आठवणी लिहितो. वाचणारे जेमतेम सातशे, त्यातले निम्मे माझ्यासारखेच पेन्शनर. कोण गेलं, कुणाला नात झाली, बाजारातलं कुठलं हॉटेल बंद पडलं, असला मामला.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यातले दोघे आपल्या पुण्याचे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्याच दिवशी देशभर मॉक ड्रिल झाली, पुण्यातही. भोंगे वाजलेले ऐकून मला एकदम १९७१चा डिसेंबर आठवला आणि त्या रात्री मी बसून लिहून काढला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेले. शेजारच्यांच्या लॅम्ब्रेटाच्या दिव्याचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखलेला. आई कंदिलाची वात इतकी खाली करायची की भाकरी करपली ते वासावरूनच कळायचं. वडील रात्रपाळीला सायकलवर बिनदिव्याचे जायचे. कुणाच्या घरातून उजेडाची फट दिसली की गल्लीतून ओरडा व्हायचा, "ओ, दिवा! दिवा!" फॅक्टरीच्या भिंतीपलीकडे विमानं पाडायची तोफ आहे, असं आम्ही पोरं एकमेकांना सांगायचो. ती आमच्यापैकी एकानेही पाहिलेली नव्हती. एवढंच लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मजकूर गायब. त्या जागी एक राखाडी चौकोन आणि त्यात एक ओळ: कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर आपल्या देशात उपलब्ध नाही.

कुणाची मागणी, कुठला कायदा, कुठलं वाक्य, काही नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तर भारतीय कायद्याचं पालन करणं आम्हाला बंधनकारक आहे असं छापील उत्तर आलं. माहिती अधिकारात एका कार्यालयाकडे अर्ज केला, तिथून ही माहिती गोपनीय आहे असं कळवलं. गंमत पुढेच आहे. कॅनडातल्या भाचीला मी फोन केला, तर तिला तो मजकूर दिसत होता. तिने मला तो फोनवरून वाचून दाखवला. म्हणजे टोरांटोत दिसतो, दुबईत दिसतो, सीमेपलीकडे ज्याला वाचायचा त्यालाही वाचता येतो. दिसत नाही तो फक्त खडकीत. त्यात काही गुपित असलंच तर ते नेमकं कुणापासून लपवलं?

मला राग आला तो नंतर. आधी भीती वाटली, हे कबूल करायला लाज नाही. आपलं काय चुकलं हे शोधायला मी माझाच मजकूर पुन्हा पुन्हा वाचला (भाचीने फोटो काढून पाठवला होता). तोफेचं वाक्य नडलं असेल का? रात्रपाळी? 'फॅक्टरी' हा शब्दच? मग पानावरचं बाकीचंही त्याच नजरेने चाळायला लागलो. १९८९ सालचा आमच्या सेक्शनचा एक ग्रुप फोटो होता. मागे नुसती भिंत आणि एक पिंपळ. तोही मी काढून टाकला. त्या फोटोतल्या अकरा जणांपैकी सात आता नाहीत. एकाच्या मुलीने विचारलं, "काका, बाबांचा फोटो कुठे गेला?" तिला मी काहीतरी थाप मारली. तो फोटो काढायला मला कुणीही सांगितलेलं नव्हतं, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. कारण कळलं नाही की माणूस कुंपण स्वतःच चार हात आत ओढून घेतो.

आता फॅक्टरीतलं एक सांगतो. त्यात गोपनीय काही नाही, स्फोटकं जिथे हाताळतात तिथे कुठेही हेच असतं. आत जाताना गेटवर झडती व्हायची. खिशात आगपेटी सापडली की दरबान ती काढून घ्यायचा आणि कामगाराची खैर नसायची. पण तो आगपेटी हातात धरून, कामगाराच्या डोळ्यांसमोर ठेवून म्हणायचा, "ही काय?" मग वहीत नाव, तिकीट नंबर आणि वस्तू लिहायचा. आतल्या प्रत्येक धोक्याच्या इमारतीवर पाटी असायची: आत जास्तीत जास्त माणसं इतकी, माल इतका. मोठा साहेब आला तरी आकडा भरला असेल तर बाहेर थांबायचा. सुरक्षेचा याहून कडक कारभार मी कुठे पाहिलेला नाही. आणि तो चालायचा, कारण काय चालत नाही हे शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. दरबानाने माझ्या खिशातून न बोलता काहीतरी काढून घेतलं असतं आणि "काय घेतलं ते गुप्त आहे" असं म्हटला असता, तर दुसऱ्या दिवशी मी आगपेटीऐवजी चष्मा घरी ठेवून आलो असतो.

गेले सहा महिने मी कायदा वाचतोय. वकील नाही, पण नियमपुस्तिका वाचण्यात जन्म गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार इंटरनेटवरचा मजकूर रोखू शकतं: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी. त्याचे नियम २००९ सालचे. नियम ८ म्हणतो की आधी नोटीस द्या, उत्तराला किमान ४८ तास द्या, सरकारी अधिकाऱ्यांच्या समितीपुढे म्हणणं मांडू द्या. नियम ९ म्हणतो की घाई असेल तर आधी रोखा, आणि ४८ तासांत प्रकरण समितीपुढे आणा. इथवर माझी काही हरकत नाही. युद्ध चालू असताना नोटिशीचं उत्तर येईपर्यंत थांबा, असं म्हणायला मी वेडा नाही.

गोम दोन ठिकाणी आहे. नियम ८ मधली नोटीस 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' यांना द्यायची आहे. मध्यस्थ म्हणजे कंपनी. त्या 'किंवा'मुळे कंपनीला कळवलं की काम भागतं, लिहिणारा गेला उडत. आणि नियम १६ म्हणतो की विनंत्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळा. झालं. कंपनी गप्प, सरकार गप्प, आणि मी खडकीत चष्मा पुसत राखाडी चौकोनाकडे बघतोय. घेतलेल्या निर्णयांवर नजर ठेवायला एक पुनर्विलोकन समिती आहे, तिने दोन महिन्यांतून एकदा तरी बसायचं असतं. तिच्यात सगळे सचिव. न्यायाधीश एकही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल अटक करू देणारं कलम ६६अ रद्द केलं, हे आपल्याला माहीत असेलच. त्या निकालाच्या मुळाशी आपल्याच राज्यातलं एक प्रकरण होतं: नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला, आणि ते लाइक केलं म्हणून दुसरीला अटक झाली होती. पण त्याच निकालाने ६९अ कायम ठेवलं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. का ठेवलं? कारण त्यात कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे आदेशाला न्यायालयात आव्हान देता येतं. आणि लिहिणारा सापडत असेल तर त्याचंही म्हणणं ऐकायचं आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आता आपणच सांगा, मला जी कारणं दाखवतच नाहीत त्यांना मी आव्हान कसं द्यायचं? मार्च २०२५ मध्ये या नियमांविरुद्धच्या एका याचिकेवर नोटीस काढताना सर्वोच्च न्यायालयानेही प्रथमदर्शनी हेच बोलून दाखवलं, की लिहिणारा ओळखता येत असेल तर त्याला नोटीस मिळायला हवी. प्रकरण प्रलंबित आहे. पण न्यायालयाची वाट कशाला बघायची? नियम सरकारने केलेत, आणि ते बदलून घेण्याची जागा संसद आहे.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा तर मी कपाळाला हात लावला. याच कायद्याखाली समाजमाध्यम कंपन्यांसाठी केलेल्या २०२१च्या नियमांत नियम ४(८) आहे. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपनीने स्वतःच्या निर्णयाने एखादा मजकूर काढला, तर आधी लिहिणाऱ्याला कळवायचं, कारण सांगायचं, दाद मागायची संधी द्यायची. हा दंडक सरकारनेच कंपन्यांना घातलाय. म्हणजे परदेशी कंपनीने माझी ओळ खोडली तर ती मला उत्तर द्यायला बांधील. माझ्या सरकारने खोडली तर कुणीच बांधील नाही.

२०२४ पासून 'सहयोग' नावाचं पोर्टलही आलं आहे. त्यावरून केंद्राच्या आणि राज्यांच्या यंत्रणा लोकांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर कधी येते ते सांगणाऱ्या कलम ७९ चा आधार घेऊन कंपन्यांना मजकूर हटवायला कळवतात. हा रस्ता ६९अच्या समितीवरून जातच नाही. एक्स कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली होती, तिची याचिका २४ सप्टेंबर २०२५ला फेटाळली गेली. नंतर सरकारने नियम थोडे घट्ट केले: आता केंद्रात सहसचिव आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक यांच्याखालच्या अधिकाऱ्याला असं कळवता येणार नाही, कळवताना कायद्याचं कलम आणि कारण लिहावं लागेल, दर महिन्याला सचिव पातळीवर आढावा होईल. १५ नोव्हेंबरपासून हे लागू झालं. चांगलं आहे, मनापासून म्हणतो. पण कारण लिहायचं ते कंपनीसाठी. लिहिणाऱ्याचं नाव त्या सुधारणेतही नाही. माझा मजकूर या रस्त्याने गेला की त्या, हेसुद्धा मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती याच शहरात राहते.

मे २०२३ मध्ये दिघीतल्या डीआरडीओच्या एका प्रयोगशाळेच्या संचालकाला एटीएसने अटक केली. व्हॉट्सॲपवर ओळख झालेल्या बाईला, म्हणजे पाकिस्तानी हेराला, माहिती दिल्याचा आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. पण त्या आठवड्यात आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर चहा कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता. ज्यांनी आयुष्यभर बायकोला "भरतो" एवढंच सांगितलं, त्यांना ती बातमी कशी लागली असेल याची कल्पना करा. त्याच्याही आधी, जून २०१४ मध्ये, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटलं होतं आणि हडपसरला जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. समाजमाध्यमावरच्या मजकुराने जीव जातो, हे पुण्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

फक्त एक बघा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. मागे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवा होत्या. त्यानंतर उपाय काय झाला? त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. कुणाचा संदेश वाचावा लागला नाही, कुणाला न सांगता काही पुसावं लागलं नाही, आणि नियम काय आहे हे खेड्यातल्या म्हातारीलाही कळलं. पाटीवर लिहिलेली मर्यादा म्हणतात ती ही.

आणि जुलै २०२३ मध्ये कोथरूडला एनआयएला हवे असलेले दहशतवादी सापडले ते कसे? रात्री मोटारसायकल चोरताना गस्तीच्या पोलिसांनी पकडले. त्या बीट मार्शलांना माझा सलाम. कुणाच्या आठवणींचं पान पुसून ते सापडले नव्हते.

याउलट जिथे संयम लागत होता तिथे काय झालं? याच मे महिन्यात पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरबद्दलची कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. मला ती पोस्ट पटणारी नव्हतीच. दोन तासांत तिने ती काढली, माफी मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, आणि ऐन परीक्षेत ती येरवड्यात. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं, तिला सोडायला लावलं आणि परीक्षेला बसू दिलं. एकोणीस वर्षांच्या पोरीची चूक दोन तास टिकली होती. यंत्रणेची जवळजवळ तीन आठवडे टिकली, आणि ती निस्तरायलाही उच्च न्यायालय लागलं.

तिच्याबाबतीत निदान न्यायालयापुढे उभं करण्यासारखं काहीतरी होतं. कुठली पोस्ट, कुठलं कलम, सगळं कागदावर होतं. माझ्याकडे कागदच नाही. पुण्यात बसून लिहितोय म्हटल्यावर टिळकांचं नाव निघणारच, तर काढतोच. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. ज्यूरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. कसला न्याय तो, मान्य. पण कुठल्या अंकातला कुठला मजकूर, हे आरोपपत्रात होतं आणि त्यावर भर कोर्टात वाद झाला. टिळकांना आपला गुन्हा अंदाजाने ओळखावा लागला नव्हता.

मी एकटा असतो तर हे पत्र लिहिलं नसतं. संसदेत सरकारने दिलेल्या उत्तरांनुसार ६९अ खाली २०१८ मध्ये २,७९९ ठिकाणं रोखली होती, २०२० मध्ये ९,८४९. आणि ८ मे २०२५ला, त्या एकाच दिवशी, एक्सने जाहीर केलं की सरकारने ८,००० हून अधिक खाती भारतात बंद करायला सांगितलं आहे, आणि बऱ्याच खात्यांचं नेमकं काय चुकलं हे सांगितलेलंच नाही. त्यांत कित्येक खरोखरच शत्रूची असतील. ती बंद केल्याबद्दल मी टाळ्या वाजवीन. पण किती तशी होती आणि किती माझ्यासारखी, हे आपल्याला, म्हणजे खासदारांना तरी, माहीत आहे का?

कुणी म्हणेल, कारण सांगितलं तर शत्रूला सुगावा लागेल. शत्रूचं खातं बंद झालं हे त्याला त्याच क्षणी कळतं, त्याला पत्राची गरज नसते. आणि जिथे खरंच गुपित आहे, तिथे तेवढी ओळ काळी करून बाकीचं द्या. जम्मू-काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०ला हेच म्हटलं: बंदीचे आदेश प्रसिद्ध करा, म्हणजे ज्याला त्याची झळ बसते त्याला दाद मागता येईल. अख्ख्या प्रदेशाच्या इंटरनेटबाबत जे जमू शकतं, ते एका पेन्शनरच्या भाकरीबाबत का जमू नये?

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आहे. आपण कुठल्या पक्षाचे, कुठल्या बाकांवर बसता, याच्याशी मला कर्तव्य नाही. या जिल्ह्यात फॅक्टऱ्या आहेत, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, लष्कराची दक्षिण कमांड आहे, लोहगावचा हवाई तळ आहे. सुरक्षेच्या नावाने आपल्यापैकी एकालाही कुणी गप्प बसवू शकणार नाही. आपण प्रश्न विचारता तो आधी लेखी द्यावा लागतो असं ऐकलंय, म्हणून मसुदा इथेच देतो. भाषा फॅक्टरीतली आहे, हवी तशी सुधारून घ्या:

"इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री सांगतील काय, की (अ) १ मे ते ३१ मे २०२५ या काळात कलम ६९अ आणि कलम ७९ या दोन्हींखाली मिळून किती मजकूर आणि किती खाती भारतात रोखली, (आ) त्यांपैकी किती प्रकरणांत लिहिणाऱ्याला नोटीस किंवा कारण कळवलं, (इ) फेरविचारानंतर किती मजकूर पुन्हा खुला केला, आणि (ई) नियम ८ मधील 'किंवा'च्या जागी 'आणि' घालून, मजकूर रोखल्यापासून सात दिवसांच्या आत लिहिणाऱ्यास कारण कळवणं बंधनकारक करण्याचा, तसेच नियम १६ त्यानुसार बदलण्याचा सरकारचा विचार आहे काय, नसल्यास का नाही?"

उत्तर आलं तर मला एक प्रत पाठवावी. आणि उत्तरात माझा मजकूर 'पुन्हा खुला केलेल्यां'मध्ये असेल, तर १९८९चा फोटो मी त्याच संध्याकाळी परत लावतो. त्या मुलीला तसं कबूल केलं आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चार्जमन, खडकी